गोऱ्या साहेबाचा आवाज

मानायचं नसेल तर मानू नका, पण हे घडलेलं आहे. अंधेरीच्या एका डबिंग थिएटरात, १९८३ च्या मार्चमध्ये, भर दुपारी.

त्याआधी महिनाभर एक पत्र सिनेमांना आवाज देणाऱ्या मार्तंडरावांच्या टेबलावर उत्तराविना पडून होतं. आयर्लंडहून आलेलं. लिहिणारी नोरा. तिचा भाऊ डेक्लन नुकताच वर्सोव्यात तापाने गेला होता.

आई विचारते, असं तिने लिहिलं होतं. आमच्या डेक्लनने एका तरी सिनेमात, स्वतःच्या आवाजात, आपण कोण ते सांगितलं का?

मार्तंडरावांना उत्तर ठाऊक होतं.

नाही.

डेक्लन हिंदी सिनेमात गोरा साहेब व्हायचा. कधी कलेक्टर, कधी जेलर, पण दरवेळी इंग्रज. त्याच्या आजोबांना इंग्रजांच्याच शिपायांनी घराच्या दारात गोळी घातली होती, आणि हा त्याच वर्दीत उभा राहून गोळीबाराचे हुकूम सोडायचा. सेटवर भेटेल त्याला सांगायचा, मी इंग्रज नाही, आयरिश आहे. लोक हसायचे.

"अरे यार, पांढरा तो पांढरा," रेकॉर्डिस्ट श्यामसुंदर म्हणायचा. "पब्लिकला काय फरक पडतो?"

डेक्लनला हिंदी जमत नसे. तो नुसते ओठ हलवायचा, आवाज मागाहून मार्तंडराव द्यायचे. एरवी भिडस्त, पुस्तकात डोकं घालून बसणारा माणूस. माइकसमोर मात्र पक्का साहेब.

म्हणजे डेक्लनचा आवाज कुठेच नव्हता. हे त्या माउलीला कोणत्या तोंडाने कळवायचं?

त्या दुपारी डेक्लनच्या शेवटच्या सिनेमाचं डबिंग होतं. तेव्हा दृश्याचा तुकडा टोकाला टोक जोडून गोल फिरवत ठेवायचे. ओठ जुळेपर्यंत तेच वाक्य, पुन्हा पुन्हा. वाक्य सोपं होतं, साहेबी उच्चारातलं. "हम अंग्रेज है. हम माफी नहीं डेटा."

पडद्यावर डेक्लन आला. मार्तंडराव बोलले.

जुळलं नाही.

'अंग्रेज' या शब्दाला त्याचे ओठ मिटलेले होते.

पुन्हा घेतलं. पुन्हा मिटलेले...

श्यामसुंदर वैतागला. मी चहा घेऊन येतो, तोवर घसा मोकळा करा, म्हणाला आणि गेला. काचेपलीकडची केबिन रिकामी झाली.

तुकडा फिरतच राहिला.

मग वास आला... सुक्या बोंबलांचा. वर्सोव्याला डेक्लनच्या खोलीबाहेर वाळत असायचे, तसा. चहूबाजूंनी गाद्या ठोकलेल्या त्या बंद खोलीत.

मार्तंडराव दाराशी गेले. दार हललं नाही.

त्यांनी हाका मारल्या. त्यांच्या हाका त्यांनाच ऐकू आल्या नाहीत.

कानांवरच्या हेडफोनमध्ये शूटिंगच्या वेळी टेप झालेली सेटवरच्या जनरेटरची घरघर चालू होती. ती थांबली.

आणि कोणीतरी श्वास घेतला...

पडद्यावरचा डेक्लन सरळ त्यांच्याकडे बघत होता. त्याचे ओठ हलले. त्याबरोबर मार्तंडरावांचं तोंड उघडलं. आपोआप. जबडा त्यांचा, जीभ त्यांची.

आवाज त्यांचा नव्हता.

माझं नाव डेक्लन, तो आवाज इंग्रजीत म्हणाला. मी आयरिश आहे. माझ्या आजोबांना दारात मारलं.

ओठ तंतोतंत जुळले.

दार उघडलं. श्यामसुंदर चहाचे ग्लास घेऊन उभा होता. दार का लावून घेतलंस, मार्तंडरावांनी विचारलं.

"दार कुठे बंद होतं?" तो म्हणाला. "आणि प्रोजेक्टर तर मी जाताना बंद करून गेलो, मार्तंडराव."

टेप मात्र भरली होती. दोघांनी ती ऐकली. श्यामसुंदरचा चेहरा उतरला. "हा तर तोच आहे," एवढंच तो बोलला आणि त्याने टेप लगेच पुसून टाकली. सिनेमा लागला तो तिसऱ्याच कुणाच्या आवाजात.

मार्तंडरावांनी ते काम सोडलं. आता नोराला द्यायचं उत्तर बदललं होतं, पण हातात पुरावा काही नव्हता. वेडा म्हणतील. त्या आईला वाटेल, थट्टा करतोय. पत्र तसंच राहिलं. वर्षं गेली.

सत्त्याऐंशीच्या दिवाळीत नोराचं कार्ड आलं. आई आता फार दिवसांची नाही.

त्यांनी त्याच दिवशी लिहिलं. हो, सांगितलं. एकदाच. मी तिथे होतो. गळा माझा होता, आवाज त्याचा.

मुलुंडच्या पोस्टाबाहेर त्यांनी पाकीट पेटीत टाकलं. शेजारच्या माणसाने सहज विचारलं, किती वाजले?

मार्तंडरावांनी तोंड उघडलं... आवाज कुणाचा निघेल? त्यांनी ते मिटलं.

नुसतं मनगट पुढे केलं.