हाक मारायचं नाव

मास्तरकीच्या कॉलेजात प्रोजेक्टर एकच, आणि त्या सकाळी तो मागायला दोघं एकदमच कोठीच्या दारात! एक काबाहेंडा, इथलीच, टोरो प्रांतातली. दुसरा ओकिरोर, लांब सोरोटीहून मास्तर व्हायला आलेला. दोघांनीही पेटीची कडी धरली... आणि सोडायला कुणीच तयार नाही.

"मी आधी आले."

"मीही आधीच आलो."

"दोघं आधी कशी येतील हो?"

"म्हणूनच म्हणतो, मिळून नेऊ या."

कोठीवाल्या बाई खदखदून हसल्या. "न्या बाबांनो, आणि भांडण बाहेर जाऊन करा."

भांडण कसलं! काबाहेंडाला त्या यंत्राची मुळात धास्तीच होती. खडू-फळा दिला तर ती तिसरीचा वर्ग असा रंगवायची की पोरं घरी जायला नको म्हणायची. पण आता नियम आला होता, शेवटचा परीक्षेचा पाठ पडद्यावर घ्यायचा. तो नापास, तर वर्ष वाया.

"हात लाव ना, चावत नाही ते," ओकिरोर म्हणायचा.

"तुला नसेल चावत. मला बघितलं की गुरगुरतं."

"तो पंखा आहे गं आतला!"

असं हसत-चिडवत शिकणं चाललं. कॉलेजमागे भाजलेली केळी खाता खाता ती चित्रं जोडायला शिकली, आवाज भरायला शिकली. त्याची बोटं तिच्या बोटांवरून माऊस सरकवायची, आणि मग दोघंही उगीचच पडद्याकडे बघत बसायची. ती प्रेमात पडली होती. तिला ठाऊक होतं, मैत्रिणींना ठाऊक होतं, कोठीवाल्या बाईंनासुद्धा ठाऊक होतं.

एकच सल होता. टोरोत माणसाला दोन नावं. एक हजेरीचं, दुसरं मायेचं. त्याला म्हणतात एम्पाको. भेटल्यावर आधी समोरच्याचं एम्पाको विचारायचं आणि ते घेऊनच नमस्कार करायचा. काबाहेंडाचं एम्पाको अड्येरी. सगळं गाव तिला अड्येरी म्हणायचं. हा एकटा मेला सारखं काबाहेंडा, काबाहेंडा... जशी काही रोज हजेरीच घेतोय!

शेवटी तिनं विचारलंच, "अड्येरी म्हणायला तुझी जीभ दुखते का रे?"

तो म्हणाला, "दुखत नाही गं. पण मी तुला अड्येरी म्हटलं, तर तू मला काय म्हणणार? आमच्याकडे तसलं नाव नसतं. तुझं घ्यायचं आणि परत द्यायला आपल्याजवळ काहीच नाही... बरं नाही वाटत."

 सत्र संपत आलं होतं. शनिवारी तो सोरोटीच्या बसनं जाणार होता, कायमचा.

परीक्षेचा पाठ गुरुवारी होता. विषय होता, डोंगरावरचं बर्फ वितळून आपल्या एम्पांगा नदीत पाणी कसं येतं. काबाहेंडानं रात्रंदिवस खपून सुंदर चित्रं जुळवली. वेळ वाचावा म्हणून सुरुवातीचा नमस्कारसुद्धा तिनं आधीच आवाजात भरून ठेवला. बटण दाबलं, पडदा उजळला आणि आतून तिचाच आवाज आला, "नमस्कार मुलांनो!"

वर्ग गप्प. एकानंही उत्तर दिलं नाही. बर्फ वितळलं, नदी वाहिली, पण पोरं नुसती टकामका बघत राहिली. तपासायला आलेल्या बाईंनी चष्मा काढला. "उद्या पुन्हा घे. शेवटची संधी देते."

बाहेर आल्यावर तिचे डोळे भरले. "काय चुकलं रे? सगळं तर चाललं होतं!"

"यंत्र चाललं," ओकिरोर हळूच म्हणाला. "पण तू कुणाचं एम्पाको विचारलंस? पोरं वाट बघत होती गं. मला कळतं ते. इथं आल्यापासून रोज कुणीतरी माझं एम्पाको विचारतं, आणि नाही म्हटलं की नमस्कार तिथंच अडकतो... तसाच हवेत राहतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. इतके महिने हा हे सोसत होता, आणि हसत होता!

शुक्रवारी तिनं आधी लॅपटॉप बंदच ठेवला. बाकाबाकाशी जाऊन एकेकाचं एम्पाको विचारलं, एकेकाला नमस्कार केला. अबूकी, अत्वूकी, अकीकी... मागे बसलेला ओकिरोर घड्याळाकडे बघून घामाघूम. पण मग पडदा उजळला, आणि वर्ग नुसता उसळला! पोरं उठून पडद्यावरच्या नदीत हात घालायला लागली. "बाई, आमचं घर इथं! बाई, इथं आमची गाय पाणी पिते!" परीक्षक बाई लिहायचं विसरून हसत होत्या. पाठ पास झाला, हे सांगायलाच नको.

पोरं निघताना पुढच्या बाकावरची चुणचुणीत मुलगी थेट ओकिरोरसमोर जाऊन उभी राहिली. "सर, तुमचं एम्पाको?"

"मला नाही गं बाळा."

"मग बाई, तुम्ही द्या ना!"

सगळा वर्ग ओरडायला लागला, द्या, द्या! काबाहेंडाचे कान तापले. "ते वर्गात देत नाहीत," ती म्हणाली. "ते... घरी देतात. घरच्यांसोबत नाचणीचा उंडा खायचा असतो." मग त्याच्याकडे बघून, एका दमात, "आमच्या आत्यानं रविवारी नाचणी घोटायचं ठरवलंय. येशील?"

परक्या मुलाला घरी बोलावून एम्पाको देणं म्हणजे त्याला घरचा करून घेणं, हे टोरोत शेंबड्या पोरालाही कळतं. वर्गात एकच हशा झाला. परीक्षक बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"रविवारी? पण माझी शनिवारची बस..." ओकिरोर अडखळला. मग हसला. "बस काय, रोजच जाते."

रविवारी आत्यानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, दोनदा वाढलं, त्याच्या घरच्यांची चौकशी केली आणि मग म्हणाली, "ह्याचं नाव अराली. आजपासून हा आपला."

काबाहेंडा आत गेली, उगीचच पदार्थ झाकून आली आणि नुकतीच भेटत असल्यासारखी त्याच्यासमोर उभी राहिली. "कसा आहेस, अराली?"

 कुठलंही यंत्र चुटकीसरशी चालू करणाऱ्या त्याला दोन शब्द जुळेनात. आत्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

"बरा आहे," तो म्हणाला. "खूप बरा आहे... अड्येरी."