तिसरे रीळ

पुण्याच्या स्मृतिपट प्रयोगशाळेतली ती खुर्ची दिसायला थेट केशकर्तनालयातल्या खुर्चीसारखी होती. ब्याऐंशी वर्षांचे शिवशंकर हत्तुरे तिच्यात बसले, की डोक्यावर स्मृतिवेधक उतरवणाऱ्या डॉ. मृदुला सबनीसांना म्हणत, "बाजूनं जरा कमी करा." पहिल्या दिवशी डॉक्टर हसल्या होत्या. सहा महिन्यांनंतर त्या विनोदाला फक्त हत्तुरेच हसत.

जळालेले, कुजलेले, सरकारांनी नष्ट केलेले चित्रपट पाहणाऱ्यांच्या आठवणींतून पुन्हा उभे करायचे, हे त्या प्रयोगशाळेचे काम. हत्तुरे तिथे आले ते काळ्या समुद्राकाठच्या एका चिमुकल्या देशातल्या मझिया नावाच्या बाईने केलेल्या एकुलत्या एका चित्रपटासाठी. त्याच्या उरलेल्या एकमेव प्रतीचा जगात एकच खेळ झाला होता, तोही सोलापूरच्या फिल्म सोसायटीत, छप्पन्न वर्षांपूर्वी. परतीच्या वाटेवर प्रत गोदामाच्या आगीत जळाली. चित्रपटाच्या नावाचा अर्थ कोणालाच ठाऊक नसल्यामुळे सोसायटीत त्याला ‘बुटांचा सिनेमा’ म्हणत. पाहणाऱ्या साठ जणांपैकी आता नऊ उरले होते. हत्तुरे त्यांचे म्होरके आणि प्रकल्पाचे मानद सल्लागारही.

आज मझियाची मुलगी एतेरी आली होती. साठी ओलांडलेली, दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून बसलेली. ती बोलली की टेबलावरचा यांत्रिक दुभाष्या तेच शांत मराठीत सांगे. ती चार वर्षांची असताना आई तिला आजीकडे ठेवून देश सोडून गेली, परक्या मुलखात हा चित्रपट केला आणि तिथेच वारली. पत्र नाही, निरोप नाही. चित्रपटात एक आई लहान मुलीला सोडून जाते, एवढेच एतेरीने ऐकले होते.

"मला एवढंच बघायचंय," ती म्हणाली, "की ती परत येते का."

डॉक्टरांनी तिला यंत्राचे तत्त्व समजावून सांगितले. माणसाची आठवण भरवशाची नसते, पण प्रत्येक जण आपापल्या परीने चुकतो. कोणी काळ्या कोटाचा करडा करतो, कोणी खिडकी डावीकडची उजवीकडे नेतो. नऊ जणांच्या आठवणी एकावर एक ठेवल्या, की या चुका एकमेकींना खोडतात आणि सर्वांत सारखे तेवढे उरते. तिला सहस्मृती म्हणायचे. सहस्मृतीत आहे ते चित्रपटात होते, नाही ते नव्हते.

एतेरीने थोडा विचार केला. "आणि नऊही जण एकच चूक करत असतील तर?"

"नऊ माणसं वेगवेगळी बसून एकच चूक करत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. हत्तुऱ्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

त्याचे असे झाले होते. चित्रपट चार रिळांचा होता आणि डब्यांवरची अक्षरे सोलापुरात कोणाला वाचता येणारी नव्हती, झाकणांवरचे आकडे तेवढे कळत. खेळाच्या दिवशी दुपारी, हौस दांडगी म्हणून, तेव्हा सव्वीस वर्षांच्या हत्तुऱ्यांनी डबे उघडून फिल्म उजेडात धरून पाहिली. झाकणे परत लावताना दुसऱ्याचे तिसऱ्याला गेले. संध्याकाळी पहिल्यानंतर तिसरे रीळ लागले आणि मग दुसरे. एक बाई गाठोडे घेऊन घरी येते, मुलीचे केस विंचरते. मग तीच बाई बोटीत बसून निघून जाते. शेवटच्या रिळात मोठी झालेली मुलगी एकटी त्या घरात राहते आणि दारातले आईचे बूट पुसते.

खेळानंतर चहा आणि चर्चा, हा सोसायटीचा शिरस्ता. आणि त्या चर्चेत वाटेल ते चालत असे, पण ‘मला कळलं नाही’ हे म्हणणे चालत नसे. तसे म्हटलेला एक बँकेतला माणूस पुढे आलाच नाही. अध्यक्ष देवस्थळी डोळे मिटून म्हणाले, आधी येणे आणि मग जाणे, काळाचा कणाच मोडला या बाईने. साठ माना डोलल्या. हत्तुऱ्यांचीही डोलली.

दुसऱ्या दिवशी रिळे उलटी गुंडाळताना त्यांना फिल्मच्या टोकाशी खरवडलेले आकडे दिसले. दुसरे म्हणून लागले होते, ते तिसरे होते. धावत जाऊन देवस्थळींना सांगायला हवे होते. त्याऐवजी त्यांनी सोसायटीच्या अंकात लेख लिहिला, ‘आगमनानंतरचे प्रस्थान’. तो मुंबईच्या मासिकाने छापला, इंग्रजीत गेला, आणि गावोगावच्या सोसायट्या हत्तुऱ्यांना व्याख्यानाला बोलावू लागल्या. जगातला कुठलाही अनवट चित्रपट हत्तुऱ्यांनी समजावून सांगावा, अशी ख्याती झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची. सहा महिने खुर्चीत बसतानाही त्यांनी ती उघडली नाही. एका मेलेल्या चित्रपटाचा क्रम इकडचा तिकडे झाला, तर कोणाचे काय बिघडते, असे ते स्वतःला सांगत. कोणाचे बिघडते, ते आता पर्स धरून समोर बसले होते.

खरे तर सगळे सरळ होते. आई जाते, परत येते, लेकीचे केस विंचरते, त्याच घरात म्हातारी होऊन मरते, आणि लेक तिचे बूट जपते. हत्तुऱ्यांना स्वतःची किळस आली.

एतेरीला चित्रपट दाखवायच्या दालनाकडे नेण्याआधी त्यांनी डॉक्टरांना बाजूला घेतले आणि सगळे सांगून टाकले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकले आणि त्यांना पुन्हा खुर्चीत बसवले. या वेळी हत्तुरे केसांबद्दल काही बोलले नाहीत. पडद्यावर त्यांच्या आठवणीचा क्रम उमटला. एक, तीन, दोन, चार.

"सर, तुमच्या मेंदूतही हाच क्रम आहे."

"असणारच की. मीही तसाच पाहिलाय ना. पण मला माहीत आहे, डॉक्टर."

"माहीत असलेलं यंत्राला दिसत नाही. फक्त पाहिलेलं दिसतं." त्यांचा आवाज मऊ झाला. "आणि तुम्ही हे आज सांगताय. तिची कहाणी ऐकल्यावर."

त्यांनी भिंतीकडे बोट केले. तिथे प्रकल्पाचा पहिला नियम टांगलेला होता. सोसायटीच्या सुमतीबाई कलबुर्गींना चित्रपटात एक पिवळी छत्री आठवत होती. बाकी आठ जणांना नव्हती. कृष्णधवल चित्रपटात पिवळी छत्री म्हणून हत्तुऱ्यांनी त्यांची सर्वांसमोर यथेच्छ टिंगल केली होती आणि वर एक वाक्य टाकले होते. ते डॉक्टरांना इतके आवडले, की त्यांनी ते खाली हत्तुऱ्यांच्या नावासकट चौकटीत बसवले. ‘एकालाच आठवते ते स्वप्न. सगळ्यांना आठवतो तो सिनेमा.’

"शिवाय लेखी पुरावा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तुमचाच लेख. त्याच्याच आधारावर आंतरराष्ट्रीय मंडळानं क्रम प्रमाणित केला. आता तो बदलायचा तर दुसरा साक्षीदार हवा."

दुसरा साक्षीदार नव्हता. तेवढी काळजी हत्तुऱ्यांनी सव्विसाव्या वर्षीच घेतली होती.

चित्रपट सुरू झाला. हत्तुरे एतेरीच्या शेजारी बसले. बाई गाठोडे घेऊन दारात आली तेव्हा एतेरी पुढे सरकली. पडद्यावर केस विंचरले जात असताना तिचा हात नकळत स्वतःच्या केसांकडे गेला. मग बोट आली, बाई बोटीत बसली, आणि एतेरी हळूहळू मागे टेकली. बूट पुसले जाईपर्यंत ती हलली नाही.

दिवे लागल्यावर हत्तुऱ्यांनी दुभाष्या जवळ ओढला. बाई परत येते, ते म्हणाले. तुम्ही आधी पाहिलंत ते नंतरचं आहे. चूक माझी आहे, झाकणं मी बदलली.

एतेरीने त्यांच्या हातावर हात ठेवला. "तुम्ही फार दयाळू आहात. आमच्याकडचे म्हातारेही असंच सांगायचे. येईल हं, पुढच्या उन्हाळ्यात येईल." तिने पर्समधून एक जुना, घडीवर फाटत चाललेला कागद काढला. सोसायटीच्या अंकातले पान होते ते. "याचं भाषांतर मला पाठ आहे. ‘ती परत येत नाही, आणि यातच या कलाकृतीचं थोर सौंदर्य आहे.’ तुम्ही तरुण होता, तुम्हाला कोणाची समजूत काढायची नव्हती. त्या माणसावर माझा विश्वास आहे. इथे सही कराल?"

हत्तुऱ्यांनी पेन घेतले. अक्षर सुवाच्य यावे म्हणून ते सावकाश लिहीत राहिले. ‘हा लेख खोटा आहे. चित्रपटात तुझी आई परत आली होती. शिवशंकर हत्तुरे.’

एतेरीने त्या गोल गोल अक्षरांवरून कौतुकाने बोट फिरवले. ती तिला वाचता येणारी नव्हती. "सुंदर," ती म्हणाली, आणि कागदाची पूर्वीसारखीच घडी घालून तिने तो पर्समध्ये ठेवला.