अठ्ठेचाळिसावा गोल

चारुलता आणि वीरधवलची ओळख झाली ती एका चुकलेल्या फटक्यामुळे. सांगलीच्या मैदानावर गोलच्या जाळीमागे खुर्ची टाकून ती बसली होती, आणि चेंडू वरून येऊन थेट तिच्या हातातल्या चहावर आदळला. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी ही बाई रविवारी फुटबॉल लीगची आकडेवारी ठेवायची. तीही पाहुण्यांच्या मांडवात बसून नव्हे. गोल नक्की कुणाचा, ते जाळीमागूनच नीट दिसतं, असं तिचं म्हणणं.

"लागलं का वो?" आष्ट्याचा वीरधवल धापा टाकत समोर उभा राहिला.

"मला नाही. चहाला लागलं."

"मग ह्यो गोल धरा की."

"चहात मारलेले गोल आम्ही धरत नाही," ती म्हणाली आणि हसू दाबायला तिने मान खाली घातली. ते काही तिला जमलं नाही.

मग दर रविवारी त्याची काहीतरी तक्रार असायचीच. "मागचा गोल आमच्या टीममधल्या सिद्धूच्या नावावर कसा? माझं डोकं लागलं हुतं."

"डोकं नाही. केस लागले असतील फार तर."

"केस माझंच हायत की!"

पाचगणीला धुक्यात सामना थांबला, तेव्हा तो तिच्यावर छत्री धरून उभा राहिला. स्वतः मात्र निथळत होता. कागद भिजू नयेत म्हणून, असं म्हणाला. कागद तर तिने केव्हाच पिशवीत टाकले होते... पण ते तिने सांगितलं नाही.

त्या वर्षी वीरधवलचे गोल थांबता थांबेनात. एका वर्षात सत्तेचाळीस गोल, हा लीगचा जुना विक्रम. तो जवळ येऊ लागला, तसा सांगलीच्या एसटी स्टँडवर एकदा तो अडखळत म्हणाला, "रेकॉर्ड मोडलं की तुमाला एक इचारायचं हाय."

"आत्ता विचारा."

"न्हाई... आत्ता कुठल्या तोंडानं? तुमी प्राध्यापक, मी ऊसवाला. कायतरी करून दावतो, मग."

तिला राग आला. आणि त्याहून जास्त, त्या एका गोलाची ओढ लागली.

वर्षातला शेवटचा सामना साताऱ्याला होता. वीरधवल सत्तेचाळीसवर. आष्ट्याची माणसं हलगी आणि गुलालाची पोती घेऊनच आली होती. शेवटची दोन मिनिटं उरली असताना त्याने डाव्या पायाने फटका मारला, चेंडू समोरच्या बचावपटूच्या गुडघ्यावर आपटला आणि जाळीत गेला.

"अठ्ठेचाळीस!" माईकवर समालोचन करणारे आप्पासो ओरडले. हलगी कडाडली, मैदान लाल झालं.

चारुलताने मात्र कागदावर काही लिहिलं नाही. फटका जाळीकडे निघालेला असला, तर कुणाला लागून आत गेला तरी तो मारणाऱ्याचाच. पण हा बाहेर चालला होता. खांबाच्या चांगला वीतभर बाहेर! गुडघा आडवा आला नसता तर गोल झालाच नसता. जाळीमागून ते तिला स्वच्छ दिसलं होतं, दुसऱ्या कुणाला दिसणं शक्य नव्हतं. त्याचं नाव लिहिलं की झालं... आजच तो विचारणार होता.

ती उठली आणि सरळ माईककडे गेली.

"स्वयंगोल आहे. वीरधवल सत्तेचाळीसवरच."

"आवं मॅडम," आप्पासो कळवळले, "गुलाल उधळून झाला की!"

"गुलालाचा हिशेब मी ठेवत नाही."

सामना संपला. ती पिशवी आवरत होती आणि पिशवीची चेन डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसत नव्हती. वीरधवल आला, डोक्यापासून पायापर्यंत लाल.

"बाहेर चालला होता," वर न बघताच ती म्हणाली. "मी तरी काय करू?"

"ठाव हाय मला. पायातनं सुटला तवाच कळलं." तो तिथेच गवतावर बसला. "तुमी माझं नाव लावताय का काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला हुता. माज्यापायी तुमच्या हातनं खऱ्याचं खोटं व्हायला नगं हुतं."

तिला एवढं हायसं वाटलं की तीही खुर्ची सोडून गवतावर बसली.

"मग... ते विचारायचं होतं, त्याचं काय?"

"फुडच्या साली. एक तारखेपास्नं पुन्ना शून्यावरनं सुरुवात—"

"शून्यावरून?" ती उसळलीच. "म्हणजे मी आणखी वर्षभर जाळीमागे बसून तुमचे गोल मोजू? आणि तुमचा पाय मुरगळला तर? मला विक्रमवीर नवरा नकोय, वीरधवल. मला तुम्ही..."

कानांपर्यंत ती लाल झाली, आणि तो गुलाल नव्हता.

"नवरा?" त्याचे डोळे मोठे झाले. "आवं, मी अजून इचारलंच न्हाई!"

"मग विचारा की!"

"लगीन... कराल का माज्यासंगं?"

"हो," ती म्हणाली. "हो म्हटलं ना!"

तिकडे आप्पासो वर्षातल्या सर्वाधिक गोलांच्या बक्षिसासाठी माईकवरून त्याचं नाव पुन्हा पुन्हा पुकारत होते. वीरधवल काही उठला नाही.