दुसरा खड्डा

"अहो, हे काय करून ठेवलंत!" खड्ड्याच्या काठावर उभं राहून तिने कपाळाला हात लावला.

मातीच्या पाहणीला तिचे साहेब येणार होते, पण ऐनवेळी तिला यावं लागलं. शेतकऱ्याला निरोप एवढाच होता की छातीएवढा खड्डा खणून ठेवा. त्याने उतरायला पायऱ्या तर केल्या होत्याच, वर खड्ड्याच्या भिंती पाणी शिंपडून, फावड्याने घासून गुळगुळीत केल्या होत्या.

"पाहुणे येणार म्हणून जरा आवरलं," तो म्हणाला. एवढा धिप्पाड माणूस, पण लाजून चूर झाला होता.

"मला मातीचे थर बघायचे असतात. तुम्ही सगळे पुसून टाकलेत!"

"मग... आता?"

"आता दुसरा खणा. आणि आवरू नका!"

तो हसत कुदळ घेऊन कामाला लागला. ती बांधावर नकाशा उघडून बसली खरी, पण लक्ष सारखं कुदळीकडे जात होतं... कुदळीकडेच, असं ती स्वतःला बजावत होती. खणता खणता तो संत्र्याच्या रोपांबद्दल बोलत होता. दोन वर्षं डब्यांत वाढवलेली ती रोपं त्याला याच शेतात लावायची होती.

"आत्या म्हणते, रोपांना जपतोस तसं जपायला एक बायको आण."

"मग?"

"म्हटलं, आधी रोपांची सोय लागू दे."

खड्डा झाला, ती उतरली. कमरेखालची माती पांढुरकी होती. तिने बाटलीतल्या आम्लाचे दोन थेंब भिंतीवर टाकले. फस्स... फेस आला. चुनखडी! कामात ती कुणाला भीत नसे. आज मात्र वाटलं, खोटं बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं. हा माणूस तिला आवडला होता, आणि आता तो तिचं तोंडही बघणार नव्हता.

तरी ती स्पष्ट म्हणाली, "इथे संत्री लावू नका. सुरुवातीला छान वाढतील, पण मुळं या थराला लागली की पानं पिवळी पडतील. झाडं हातची जातील."

तो खाली उतरला, एक पांढरा खडा बोटांत चुरला.

"गोड बोलून गेला असतात, तरी मला कळलं नसतं."

"मला कळलं असतं ना."

त्याने तिच्याकडे पाहिलं — नीट, सावकाश.

"वरच्या तुकड्यात बघायचं?"

"तिथेही खड्डा लागेल."

"तुम्हीच येणार असाल तर विहीर खणतो."

"छातीएवढा पुरे. आणि..." तिने आम्लाच्या बाटलीचं बूच घट्ट लावलं. "आत्यांना सांगा, रोपांची सोय लागेपर्यंत थांबायची काही गरज नाही."

या खड्ड्याला पायऱ्या नव्हत्या. तो आधी वर चढला आणि त्याने हात पुढे केला. वर आल्यावरही तिने तो सोडला नाही.

"पुढच्या खड्ड्याला... पायऱ्या करू?"

"खबरदार!" ती म्हणाली.