आणखी एक कडवं

"अगं, तुझ्या भावाला सांग, मिठाची वाटी जरा इकडे सरकव म्हणावं!"

आता ती वाटी काही सात समुद्रांपलीकडे नव्हती. पाळकसाहेबांच्या ताटापासून वीतभर अंतरावर होती. आणि जिला हा निरोप पोचवायचा होता ती त्यांची बायको, शेगडीपाशी, एका हातात डाव, दुसऱ्या हातात पातेल्याचं झाकण आणि कपाळावर घामाच्या धारा, अशी उभी होती. पण निरोप पोचवायला ती एकटीच होती ना!

"ताई, दाजींना सांग," तिचा भाऊ ताटातून मान वर न काढता म्हणाला, "वाटी त्यांच्या हाताशीच आहे. देवानं माणसाला हात दिलेत, नुसते पुढे करायला गाल दिलेले नाहीत."

"बघ, बघ! ऐकलंस? आणि वर माझ्याच घरात बसून!"

ताई आली, वाटी सरकवली, परत शेगडीपाशी गेली. तिचं स्वतःचं ताट ओट्याच्या कडेला कधीचं वाढून ठेवलेलं होतं आणि कधीचं गार झालं होतं. त्याचं तिला काही वाटत नसे. सवयीनं माणसाला सगळंच पचतं.

चर्चची अख्खी मंडळी तिला पाळकीणबाई म्हणे, पण भावासाठी ती ताई होती आणि मनातून ती स्वतःलाही ताईच समजत असे. आई गेली तेव्हा हा भाऊ तिच्या कडेवर होता. आधी त्याच्या तोंडात घास, मग आपल्या, असं तिनं त्याला वाढवलं. त्याच्यापायी आलेली स्थळं परत पाठवली, आणि तो सैन्यात भरती झाल्यावरच पाळकसाहेबांच्या गळ्यात माळ घातली. साहेब माणूस सोन्यासारखा! मुंगीवर पाय पडला तरी हळहळणारा. भाऊही सोन्यासारखा. पण दोन सोन्याचे डोंगर शेजारी शेजारी असले की मधल्या वाटेवर ऊन पडत नाही, आणि त्या वाटेवर उभी होती ताई...

बारा वर्षांपूर्वी युद्ध संपलं आणि भाऊ थेट छावणीतून तिच्या दारी आला. पहिल्याच रविवारी कडक इस्त्रीचा गणवेश घालून चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला रांगेत उभा राहिला. आणि त्याच रविवारी पाळकसाहेबांच्या वाणीला नको इतकी धार चढली! वर्दी घातली म्हणून 'खून करू नको' ही सहावी आज्ञा बदलत नाही, ते गरजले. शत्रूच्या छातीत गोळी घालणारा कोणाचा तरी भाऊच मारतो, आणि ज्याच्या हाताला रक्त लागलंय त्यानं या मेजाशी येण्याआधी आपल्या अंतःकरणाला विचारावं! भाऊ वेदीच्या कठड्यापासून दोन हातांवर होता. तो थबकला, त्यानं वळून एकदा ताईकडे पाहिलं आणि ताठ चालत बाहेर निघून गेला. तेव्हापासून दर रविवारी तो चर्चच्या खिडकीखालच्या दगडी बाकावर बसून अख्खी उपासना ऐके, पण उंबरठा ओलांडत नसे. आणि दाजींशी बोलत नसे. राहायला मात्र त्यांच्याच घरात, मागच्या खोलीत. साहेबांनी त्याला कधी 'जा' म्हटलं नाही, आणि तो आल्याशिवाय ते जेवायलाही बसत नसत. बोलायचं नाही, पण जेवायचं एकत्र! पुरुषांच्या रुसव्याचे कायदे बायकांना कळत नाहीत म्हणतात, ते काही खोटं नाही.

वाद मात्र रोज चाले, आणि तोही ताईच्या मार्फत.

"ताई, दाजींना विचार, तो रोमी शताधिपती, शंभर शिपायांचा नायक, आला तेव्हा प्रभूनं त्याला 'आधी नोकरी सोड' म्हटलं का? उलट त्याच्यासारखा विश्वास कुठे पाहिला नाही म्हणाला!"

"अगं, त्याला सांग, शिष्य पेत्रानं तलवार उपसली तेव्हा प्रभूनं ती म्यानात घालायला लावली. वर कापलेला कान जागच्या जागी बसवून दिला!"

"मग विचार त्यांना, दरोडेखोर घरात शिरले तर दाजी काय करतील?"

"मी गुडघे टेकून प्रार्थना करीन."

"आणि तुला कोण वाचवील, ते विचार."

"सांग त्याला... तो आहे ना घरात!" साहेब बोलून गेले, आणि मग त्यांना असा काही ठसका लागला की ताईला पाण्याचा पेला घेऊन धावावं लागलं.

ताईला मात्र आजवर कोणी विचारलं नव्हतं की बाई, तुझं काय म्हणणं आहे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच!

अशातच चर्चमध्ये उंदीर झाले.

ताई उपासनेला पायपेटी वाजवत असे. पायानं भाता हलवायचा आणि हातानं पट्ट्या दाबायच्या. त्या पेटीच्या पोटात काहीतरी खुडबुडतंय हे तिनं दोघांनाही सांगितलं. साहेब हादरले. बारा वर्षं जीव न घेण्यावर प्रवचनं दिलेला माणूस काठी घेऊन बाकांखाली वाकलेला कोणी पाहिला तर? त्यांनी डोकं खाजवलं आणि युक्ती काढली.

"अगं, तुझ्या भावाला सांग. तो आहे ना शूर! देशाचे शत्रू मारता येतात, मग उंदीर मारायला काय हरकत आहे?"

भावाचा घास हातातच राहिला. चेहरा पांढराफटक पडला. ताटात कोंबडी कधी नसेच त्याच्या, युद्धावरून आल्यापासून तो पालाच खात असे आणि पोटाचं कारण सांगे, पण त्या दिवशी त्यानं पालाही टाकला. "ताई, सांग त्यांना," तो कसाबसा म्हणाला, "मला नाही जमायचं." आणि उठून गेला.

साहेब विजयानं हसू पाहत होते, पण ते हसू त्यांच्याच ओठांवर आंबलं. उंदरांचं मात्र फावलं! एक मारीत नाही तत्त्वासाठी, दुसरा मारीत नाही कशासाठी ते सांगत नाही, आणि दोघांच्या छत्रछायेत पेटीच्या भात्याचं कातडं कुरतडून उंदीर गलेलठ्ठ होतायत!

त्या रविवारी प्रभुभोजन होतं. त्यांच्या चर्चची रीत अशी की एकेक रांग कठड्याशी येऊन गुडघे टेकी, साहेब प्रत्येकाला भाकर देत, आणि तोवर पायपेटीवर गीत चालू राही. वाजवणारीची पाळी सगळ्यांत शेवटी. साहेबांनी तबकावर पांढरा रुमाल झाकला की गीत संपायचं. मंडळीची एक जुनी कुरकुर होती की पाळकीणबाई शेवटी एक कडवं जास्तच वाजवतात. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखत, पोरांना भूक लागे, पण बाई आपल्या वाजवतच राहत, रुमाल झाकेपर्यंत!

त्या दिवशीही शेवटची रांग उठली, ताईनं आणखी एक कडवं धरलं, आणि... पेटीनं एक लांबलचक उसासा टाकला. दम लागलेल्या म्हाताऱ्यासारखा. मग सूं सूं सूं... आणि चिडीचूप! भात्याच्या भोकातून एक उंदीर बाहेर आला, त्यानं मंडळीकडे पाहिलं आणि व्यासपीठाखाली दिसेनासा झाला.

साहेबांच्या हातातलं तबक अजून झाकलेलं नव्हतं. ते तसेच ताईपाशी आले. "घे," ते हळूच म्हणाले.

ताईनं हात पुढे केला नाही.

"अगं, घे ना! सगळे बघतायत."

"नको."

"नको म्हणजे?"

"बारा वर्षं घेतलं नाही," ताई म्हणाली, आणि तिचा आवाज त्या शांततेत पार मागच्या बाकापर्यंत गेला. "आज पेटी मोडली म्हणून कशी घेऊ?"

साहेबांच्या पायांखालची जमीन सरकली! "पण... पण तुला तर घंटाकाका पेटीपाशी नेऊन देतात ना?"

"मी?" घंटा वाजवणारे काका दचकून उभे राहिले. "मला वाटलं, साहेब तुम्ही घरी देता!"

इतक्यात दार धाडकन उघडलं. बारा वर्षांत उंबरठा न ओलांडलेला भाऊ मधल्या वाटेनं धावत आला. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि हातात छत्री बंदुकीसारखी रोखलेली! "ताई! काय झालं ताईला? पेटी का थांबली? रुमाल झाकायच्या आधी ती कधी थांबत नाही!"

"तुला..." साहेब अडखळले. "तुला ठाऊक होतं? ही घेत नाही ते?"

"पहिल्या महिन्यापासून! खिडकीखाली बसतो मी, दाजी. पहारा देऊन कान तयार झालेत. तुमचा आवाज थांबतो तरी हिचं गीत थांबत नाही. मग ही उठते कधी आणि घेते कधी?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? आपलं बोलणं बंद होतं ना!"

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं. आणि साहेबांच्या ध्यानात आलं, की बारा वर्षांत आज पहिल्यांदा आपण थेट बोललो. भावाच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्याची छत्री खाली आली.

पण ताईचा बांध आता फुटला होता. "ज्याला मी कडेवर घेऊन भरवलं, तो दाराबाहेर बसायचा, आणि मी आत बसून घास घेऊ? प्रभूनंच नाही का सांगितलं, भावाच्या मनात तुझ्याविषयी सल असेल तर आधी जाऊन त्याची समजूत घाल, मग वेदीपाशी ये? मी दोघांची समजूत घालत राहिले! मीठ पोचवलं, पेत्र पोचवला, शताधिपती पोचवला... माझं म्हणणं कोणी विचारलं का? आज सांगते. जीव घेणं पाप आहे. साहेब, तुमचं बरोबर आहे! पण ज्याला जीव घ्यावा लागला, त्याला तसाच दारात बसवून ठेवणं, हेही पापच! आणि ते तुम्ही केलंत... आणि तू, तूही बसून राहिलास रे! एकदा तरी आत येऊन भांडायचं होतंस!" आणि तिनं दोन्ही हातांत तोंड लपवलं.

भाऊ तिच्यापाशी खाली बसला. बोलला मात्र दाजींशी. "मी त्या दिवशी भांडायला नव्हतो आलो, दाजी. शाबासकी घ्यायलाही नव्हतो आलो. माझ्याच वयाचा पोरगा होता. बंदूक त्याच्याही हातात होती, मी आधी चालवली, एवढंच. माझ्यामागे माझी माणसं झोपली होती. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन, आणि पुन्हा असाच रडेन. तो पडला तेव्हा त्यानं आईला हाक मारली. भाषा मला येत नव्हती, पण आईची हाक कळते हो... अशा माणसानं काय करायचं, एवढंच तुम्हाला विचारायचं होतं."

"आणि मी तुझा प्रश्न ऐकण्याआधीच उत्तर दिलं," साहेब म्हणाले. "मारू नये हे मी उद्याही सांगेन रे."

"सांगा, दाजी. माझ्याइतकं ते कोणाला पटलंय?"

"पण तू तिकडे जागत होतास, तेव्हा मी इथे गाढ झोपत होतो. दरोडेखोर आले तर तू आहेस, याच भरवशावर आजही झोपतो! माझे हात स्वच्छ राहिले, ते तू तुझे मळवून घेतलेस म्हणून. आणि मी तुलाच... मला क्षमा कर, बाबा!"

त्यांनी तबक पुढे केलं. ताईनं डोळे पुसत ते भावाकडे वळवलं. "आधी त्याला. आमच्या घरची रीतच आहे ती."

भावानं भाकर घेतली, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत. मग साहेबांनी चर्चच्या सगळ्या रिती धाब्यावर बसवून तबक त्याच्याच हाती दिलं. "आता तू दे तिला. माझ्या हातून घ्यायला तिनं बारा वर्षं लावली." आणि ज्या भावाला तिनं भरवलं होतं, त्यानं आपल्या हातानं ताईला भरवलं. शेवटचं गीत पेटीशिवाय म्हटलं गेलं. ते इतकं बेसूर झालं, की उरलेसुरले उंदीरही पळाले असतील असं घंटाकाकांचं मत पडलं.

पण एक राहिला होता. संध्याकाळी तो घंटाकाकांनी लावलेल्या पिंजऱ्यात सापडला, आणि पाळकसाहेबांनी काय करावं? काठी घेऊनच आले! "पेटी खाल्ली मेल्यानं! आज सोडत नाही!"

"दाजी, थांबा!" भावानं पिंजरा छातीशी धरला. "मी शेतापलीकडे सोडून येतो."

"अरे, परवा परत येईल तो!"

"येऊ दे. परवाही सोडीन."

"हा अविचार आहे! मंडळीच्या मालमत्तेचं रक्षण कोणी करायचं?"

"वा! म्हणजे आता रक्षणासाठी मारलं तर चालतं? मग ते शताधिपतीचं..."

"शताधिपतीचा इथे काय संबंध?"

दोघं तावातावानं भांडत, मधे पिंजरा धरून, शेताच्या वाटेनं गेले आणि तसेच भांडत परत आले. ताट वाढलेलं होतं. साहेब बसले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि सवयीनं तोंड उघडलं, "अगं, तुझ्या भावाला सांग..."

"तुम्हीच सांगा," ताई म्हणाली.

साहेबांनी घसा खाकरला. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "अरे... मीठ दे ना जरा."

भावानं वाटी सरकवली. आणि शेताच्या वाटेवर अर्धवट राहिलेला वाद दोघांनी जिथल्या तिथून पुन्हा उचलला. तो ताईला ऐकायचाही नव्हता आणि पोचवायचाही नव्हता. तिनं ओट्यावरचं आपलं नुकतंच वाढलेलं ताट उचललं, दोघांच्या मधली खुर्ची ओढून बसली, आणि बारा वर्षांत पहिल्यांदा गरम जेवली.