न अडकलेलं यंत्र

लेकीचा डबा तिच्या प्रयोगशाळेत पोचवायला दुपारी गेलो होतो, निमित्त एवढंच. पाहिलेलं खरंच तसं होतं का, याची मला हल्ली स्वतःलाच खात्री नसते. तरी सांगतो.

टेबलावर रुग्णांना श्वास देणारं यंत्र होतं. त्याला जोडलेलं रबरी फुप्फुस फुगत होतं, बसत होतं. त्याच्या कर्नेलचा, म्हणजे यंत्रातली सगळी कामं हाकणाऱ्या मूळ प्रणालीचा कोड बावीस वर्षांपूर्वी मी लिहिलेला. तो एकदाही अडकला नाही, हे मी पाहुण्यांना नको तितक्या वेळा ऐकवलं आहे. आज तो तपासून लेकीला सही करायची होती. संध्याकाळी नवी यंत्रं वॉर्डात जाणार होती.

"बाबा, रागावणार नाही ना?"

"आधी जेव. गार होतंय."

"हा कोड पहिल्याच दिवशी अडकायला हवा होता."

दाबाची नोंद आणि झडप, दोन्हींना एकेक लॉक, म्हणजे एका वेळी एकाच कामाच्या हाती राहणारं कुलूप. एक काम आधी नोंदीचं लॉक घेई, मग झडपेचं. दुसरं बरोब्बर उलट. दोघांनी एकेक धरलं की दोघंही एकमेकांची वाट बघत कायमची थांबणार. ही चूक मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला शिकवायचो!

"मग बावीस वर्षं...?"

"बघा."

तिने मुद्दाम दोन्ही कामं एकदम सुरू केली. फुप्फुस बसलं. उठेचना. तापलेल्या रबराचा वास तेवढा येत होता. मी मनात आकडे मोजू लागलो. अकरावर... खोलीत आम्ही दोघंच, तरी आमच्या मागे कुणीतरी श्वास आत ओढला. फुप्फुस फुगलं.

पडद्यावर नोंद उमटली: लॉक सोडलं. कुणी सोडलं, तो रकाना कोरा.

"सोडणारी ओळच नाहीये, बाबा... सगळा कोड पालथा घातला."

"मीच लिहिली असेन. आठवत नाही."

"तुम्ही? अन् टिपण न ठेवता?" ती हसली, मग पुन्हा त्या कोऱ्या रकान्याकडे वळली. "उद्या त्याने नाही सोडलं तर? वॉर्डात माणसं असतील."

तिने चार ओळी फिरवल्या. आता दोन्ही कामं आधी नोंदीचं लॉक घेणार, मग झडपेचं. लाखभर वेळा चालवून पाहिलं, एकदाही अडकलं नाही. बापाची चूक बापासमोर, आवाज न चढवता निस्तरली पोरीने. माझी बावीस वर्षांची फुशारकी त्यापुढे काहीच नव्हती. ऊर भरून आला. तिने सही केली. नवा कोड भरून यंत्रं गाडीत चढली, गाडी गेली.

ती जेवायला बसली. मी सहज टेबलावरच्या यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. नोंदीच्या लॉकपाशी रांग होती. पहिलं काम, दुसरं काम आणि त्यांच्यामागे तिसरं कुणीतरी. नाव नाही, मघाच्या कोऱ्या रकान्यासारखं. मघाशी लॉक सोडणारंच आता ते घ्यायला उभं होतं का? शेरा: प्रतीक्षेत.

लेकीला हाक मारणार, तोच पहिलं काम संपलं... आणि ते बिननावाचं तिसरं एक जागा पुढे सरकलं.