मुहूर्ताची सुई

अक्षय तृतीयेला जन्मकेंद्राच्या दाराबाहेर मांडव घालावा लागे, आणि पितृपंधरवड्यात तिथल्या अर्ध्याअधिक खोल्यांना कुलूप असे. या पंधरवड्यात मूल जन्माला येणं बंद होऊन आता दोन पिढ्या लोटल्या होत्या. अमावास्या, ग्रहण, मूळ नक्षत्र, असली कुठलीही वेळ कुणाच्या पत्रिकेत उरली नव्हती. गावोगावच्या शाळांत निम्म्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी यायचा. त्यात नवल वाटण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नव्हतं.

हे सारं एका औषधानं घडवलं होतं. पुस्तकातलं त्याचं नाव प्रसवक. लोक त्याला मुहूर्ताची सुई म्हणत. औषधानं कळा आणणं काही नवीन नव्हतं. दिवस उलटून गेले, बाईचा रक्तदाब चढला, बाळाभोवतीचं पाणी आटलं, तर जुने डॉक्टरही औषध देऊन बाळंतपण सुरू करत, आणि त्यानं कितीतरी जीव वाचले. पण ते औषध लहरी होतं. कधी लागू पडे, कधी ताटकळत ठेवी. प्रसवक तसं नव्हतं. सकाळी टोचलं की दुपारी मूल हातात, तेही फारसं न दुखता. इतकी सोय झाल्यावर आपल्या लोकांनी काय केलं असेल? पंचांग उघडलं. गरजेची वस्तू हौसेची झाली, आणि हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो खरं, पण मोल असतं. फक्त ते दुसऱ्याच कुणाला तरी चुकतं करावं लागतं.

या वेळी ते नातींना चुकतं करावं लागत होतं. आजीला एका सुईत मोकळी करणारं औषध आईला जास्त लागलं, आणि नातीला कितीही दिलं तरी पुरेना. पोट उघडून मूल काढता येत होतं, पण ज्या गर्भाशयाला सुईही हलवू शकत नाही ते मूल काढल्यावरही आकसत नाही, आणि आकसलं नाही तर रक्त थांबत नाही. डॉक्टरांनी या आजाराला लांबलचक नाव दिलं. बायकांनी साधं नाव ठेवलं, बहिरी पिशवी.

कृष्णाकाठच्या जन्मकेंद्रातल्या डॉ. उत्तरा पळसुले यांनी या बहिरेपणाचं कारण शोधून काढलं होतं. उपाय मात्र सापडला नव्हता. तो सापडेल अशी आशा ज्या एकाच बाईवर होती ती त्या भाद्रपदात केंद्राच्या रिकाम्या खोलीत, खिडकीजवळच्या खाटेवर, उशीला टेकून बसली होती.

तिचं नाव मायाक्का. आटपाडीकडची, धनगराची सून. तिची आई सुई माळावर पोचण्याआधीच जन्मलेली. तिला सुईसाठी न्यायला निघालेली गाडी चिखलात रुतली आणि मायाक्का सर्वपित्री अमावास्येला, माळावर, मेंढरांच्या तळावर जन्मली. त्यानंतर कुठल्याही लग्नात तिला नवरीच्या ओटीला हात लावू दिला नाही. तिच्या वयाच्या बायकांत सुईवाचून जन्मलेली दुसरी कुणी उत्तराबाईंना सापडली नव्हती.

पहिल्या भेटीत उत्तराबाईंनी तिला विचारलं होतं, “मायाक्का, बाळंतपण सुरू कोण करतं?”

“कोण म्हंजे? सुई.”

“आणि सुई नव्हती तेव्हा?”

“तवा देव करत आसंल.”

“बाळ करतं,” उत्तराबाई म्हणाल्या. “पोटातल्या बाळाची फुप्फुसं पिकली, बाहेरची हवा घ्यायला तयार झाली, की ती भोवतालच्या पाण्यात एक द्रव्य सोडतात. त्याला मी हाक म्हणते. आईची पिशवी ती हाक ऐकते आणि आकसायला लागते. ती तिची ओ.”

मायाक्कानं पोटावर हात ठेवला. “आन् माझीच पिशवी तेवढी ऐकती, बाकीच्या बायांची न्हाई. आसं का?”

“कारण तू हाक मारून जन्मलीस. मुलगी पोटात असते तेव्हाच तिची स्वतःची पिशवी तयार झालेली असते, एवढीशी. तिनं हाक मारली, आईनं ओ दिली आणि त्या ओघात ती बाहेर आली, की तिच्या पिशवीचे कान उघडतात, जन्मभरासाठी. सुईनं आधीच बाहेर काढलं तर ते मिटलेले राहतात. सुईचा आवाज फार मोठा असतो. तो मध्ये आला की आईची ओ बाळापर्यंत पोचतच नाही.”

“म्हंजे आईला ऐकू आलं तर लेकीला ऐकू येणार.”

“तेवढंच. मी इतकी वर्षं तेच लिहितेय, पण इतकं थोडक्यात मला लिहिता आलं नाही.”

मायाक्का हसली. मग उत्तराबाईंनी पुढचं मागणं मांडलं. पोटात मुलगी होती. हे सांगायची बंदी आता उरली नव्हती. सुई न घेता या मुलीची हाक यायची वाट पाहायची. ती आपल्या आपण जन्मली, तर तिच्या नाळेच्या रक्तात कान उघडताना दिसतील, आणि ते कसे उघडतात हे एकदा कळलं की दुसऱ्या बायकांचे उघडता येतील. मात्र दिवस उलटून गेले तर जोखीम होती. आणि गणपतीतला मुहूर्त टाळून थांबायचं म्हणजे मूल पितृपंधरवड्यात जन्मणार, हेही धरून चालायचं होतं.

“माझ्यावानी हिलाबी वटीला हात लावू देणार न्हाईत,” मायाक्का म्हणाली.

“नाही देणार,” उत्तराबाईंनी कबूल केलं. “आणि दुसरंही सांगते, मागाहून कळायला नको. माझी मुलगी स्वरूपा सातव्यात आहे. तिची पिशवी पार बहिरी आहे. मी तुझ्याकडे मागतेय ते तिच्यासाठीही मागतेय.”

मायाक्काची जाऊ मागच्या वर्षी अशीच गेली होती. सुई लागू पडली नाही, पोट उघडलं, पोरगं जगलं आणि रक्त थांबलं नाही. ते पोरगं आता मायाक्कालाच आई म्हणत होतं.

“थांबते म्या,” ती म्हणाली. “वटीचं बघू मागनं.”

आणि ती थांबली. दिवस भरले, मग उलटले. सासूनं फोनवर बोल लावले, गणपती आले नि गेले, पितृपंधरवडा लागला आणि केंद्रातली बहुतेक माणसं रजेवर गेली. मायाक्काच्या पोटाला एक पट्टा बांधलेला असे. बाळाच्या हृदयाचे ठोके त्यातून भिंतीवरच्या पडद्यावर दिसत. पोटातलं पाणी काढून त्यात हाक उतरली का हे तपासता आलं असतं, पण त्या धक्क्यानंच गोंधळ उडायची भीती होती, म्हणून उत्तराबाईंनी तो रस्ता बंद ठेवला होता. त्या रोज तिच्याजवळ येऊन बसत. मायाक्का त्यांना मेंढरांच्या गोष्टी सांगे, त्या तिला स्वरूपाच्या लहानपणच्या. दोघींना एकमेकींची सवय झाली होती.

“आज कसं वाटतंय?” उत्तराबाईंनी त्या दिवशी विचारलं.

“कंबर भरून येतीया. येती, जरा दम धरती, आन् जाती.”

“कधीपासून?”

“परवापास्नं. आदी जरा जरा यायची, आता लई येती.”

उत्तराबाईंनी तिच्या पोटावर हात ठेवला. पोट मऊ होतं. इतके दिवस खाटेवर पडून कुणाचीही कंबर धरेल, असं म्हणून त्यांनी नर्स शालनताईंना गरम पाण्याची पिशवी आणायला सांगितलं. शालनताईंनी कंबर शेकली आणि मायाक्काला थोडं बरं वाटलं.

दुपारचं जेवण झालं आणि पडदा लाल झाला. बाळाचे ठोके मंदावले, सावरले, थोड्या वेळानं पुन्हा मंदावले. यंत्र आपल्या शांत आवाजात म्हणालं, “बाळाला धोका आहे. प्रसवक द्यावं.”

शालनताई उत्तराबाईंकडे पाहत उभ्या राहिल्या. उत्तराबाई पडद्याकडे पाहत होत्या. ठोके प्रत्येक वेळी सावरत होते. आणखी थोडं थांबावं, असं त्यांना अगदी आतून वाटलं. संध्याकाळपर्यंत हाक येईलही. आणि तेवढ्यात त्यांनी स्वतःला विचारलं, हे थांबावंसं वाटतंय ते कुणासाठी? उत्तर त्यांना ठाऊक होतं आणि त्याची त्यांना लाज वाटली. स्वतःच्या लेकीसाठी दुसरीच्या लेकीचा जीव टांगणीला लावायचा, यासाठी आपण डॉक्टर झालो नव्हतो. आपल्याला थांबावंसं वाटतंय, म्हणूनच थांबायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. प्रामाणिक माणूस असंच ठरवील.

“मायाक्का, बाळ थकतंय असं यंत्र म्हणतंय. सुई द्यायला हवी.”

मायाक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. “उद्यापातूर न्हाई का थांबायचं? मला वाटतंय ती ठीक हाय.”

“वाटण्यावर मला जाता येत नाही गं.”

“आन् तुमच्या लेकीचं?”

“तिचं मी बघीन. आधी तुझी.”

मायाक्कानं दंड पुढे केला. आपल्या पोरीचा जीव आणि साऱ्या मुलखातल्या पोरींचा जीव, यांतलं एक निवडायची पाळी तिच्यावर आली होती आणि तिनं आपलं पोर निवडलं. कुठल्याही आईनं तेच केलं असतं.

सुई टोचून शालनताई हात धुऊन येतात न येतात तोच मूल बाहेर आलं. “इतक्या लवकर कधी पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या. मुलगी सुदृढ होती. थकल्याचं कुठलंही लक्षण तिच्यात नव्हतं, ती मोठ्यानं रडली. नाळेचं रक्त तपासायला गेलं आणि निकाल लगेच आला. कान उघडल्याची खूण नव्हती. सुईनं जन्मलेल्या मुलीत ती नसतेच. उत्तराबाईंनी तो निकाल दोनदा वाचला आणि मनात म्हणाल्या, चला, निदान पोर तरी वाचली. हाक आलीच नव्हती, त्याला कोण काय करणार.

त्या मायाक्काला भेटायला गेल्या तेव्हा शालनताई बाळाला पहिल्यांदा छातीशी लावत होत्या. पोरीनं चोखायला सुरुवात केली आणि मायाक्काचा चेहरा आक्रसला. तिनं कंबरेवर हात नेला.

“घाबरू नकोस,” उत्तराबाई म्हणाल्या. “बाळ दूध ओढायला लागलं की पिशवी आकसते. तिला तसंच नेमलेलं आहे. तुझी पिशवी चांगली आहे म्हणून दुखतंय.”

मायाक्का ओठ दाबून ती ओढ जाईपर्यंत थांबली. मग म्हणाली, “ही व्हय. हीच की.”

“हीच म्हणजे?”

“परवापास्नं येत हुती ती हीच. कंबरेत यायची, दम धरायची, जायची. म्या सांगितलं न्हवतं का तुमाला.”

उत्तराबाई खाटेच्या कडेवर बसल्या. कळा. ओव्यांतून उरलेला तो शब्द त्यांनी हजारदा वाचला होता, त्यावर लिहिलं होतं. त्यांना वाटे कळा म्हणजे पोटात सुरी फिरावी तसं काहीतरी. येते, थांबते, जाते अशी त्यांना कधी आलीच नव्हती. त्यांचं बाळंतपण सुईचं होतं, शालनताईंचं सुईचं, आणि यंत्राला शिकवलेले सगळे जन्म सुईचे. पिशवी आकसली की बाळाचा ठोका क्षणभर मंदावतो आणि सावरतो, हे जुन्या डॉक्टरांना ठाऊक होतं. यंत्राला एवढंच ठाऊक होतं की सुईआधी ठोका मंदावत नसतो आणि मंदावला तर बाळ आजारी. पिशवीचं आकसणं मोजायची सोय पूर्वीच्या पट्ट्यात असे. सुईआधी पिशवी आकसतच नाही, म्हणून ती सोय कधीच काढून टाकली होती. परवापासून या खोलीत एक बाळंतपण आपल्या आपण, रीतसर चाललं होतं. ते पुढ्यात असून कुणाला ओळखता आलं नाही, आणि त्यावर त्यांनी उपचार केला.

हे मायाक्काला सांगायचं की नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. शालनताई मान हलवून नको म्हणत होत्या. पण उत्तराबाईंनी सांगितलं, एकेक शब्द नीट, तिला कळेल असा.

मायाक्कानं ऐकून घेतलं. पोरीच्या डोक्यावरून ती बोट फिरवत होती.

“म्हंजे हिनं हाक मारली हुती?”

“मारली होती.”

“आन् म्या ओ दिली हुती?”

“परवापासून देत होतीस.”

“मग मधीच कोण बोललं?”

“मी,” उत्तराबाई म्हणाल्या.

मायाक्कानं पोरीला पदराखाली घेतलं आणि भिंतीकडे तोंड केलं. उत्तराबाई उठल्या.

बाहेरच्या ओसरीत स्वरूपा उभी होती. बातमी ऐकून ती तशीच निघून आली होती. एक हात पाठीला लावून ती खोलीच्या दाराकडे पाहत होती, आणि आईला येताना बघून तिचा चेहरा उजळला.

“मुलगी झाली म्हणे, आणि रडलीही छान,” ती म्हणाली. “आता माझं काही अडणार नाही ना गं आई?”